पाण्याची पडदी

लंडनमधल्या आमच्या सिडनमच्या घरात बसायची खोली आणि जेवायची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, पाणी आहे. १५० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच अशी काचेची टाकी एका टोकाने भिंतीला टेकून खोलीत शिरली आहे. बाकी तिन्ही बाजूंनी ती मोकळी. सोफ्यावर बसलं की पोवळ्यांच्या फांद्यांमधून पलीकडे टेबलापाशी मटार सोलणारा नवरा दिसतो, आणि त्याला मी दिसते. दोन खोल्यांमधल्या आडोशाच्या पातळ भिंतीला आपल्याकडे पडदी म्हणतात. आमची पडदी पाण्याची.

माझा जन्म मालवणचा, धुरीवाड्यातला. वडील रापणीला जायचे. लंडनला येऊन मला ३१ वर्षं झाली, त्यातली बहुतेक एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासण्यात गेली. टाकी भरली त्या संध्याकाळी मी वडिलांना फोनवर ती दाखवली. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गो बाय, खारा पाणी घरात कित्याक हाडलंस?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. पण खारं पाणी घरात आणायचं हे खूळ पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं, हे तेव्हापासून मी शोधू लागले. शोध लांब गेला नाही. या गोष्टीचा बराचसा इतिहास माझ्याच शहरात घडला होता, आणि त्यातली दोन ठिकाणं तर घरापासून एकेका स्टेशनाच्या अंतरावर निघाली.

इंग्लंडमध्ये काचेवर कर होता. १८४५ साली तो उठला आणि मध्यमवर्गाच्या घरात मोठमोठ्या काचा येऊ लागल्या. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाची एक बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या उपडीनची ती पत्नी. तिथल्या खडकांत तिला जिवंत पोवळी सापडली. आपल्या लक्षद्वीपसारखी प्रवाळभित्ती बांधणारी ही जात नव्हे. थंड पाण्यात एकएकटी राहणारी, कपाच्या आकाराची. ती लंडनला न्यायची कशी? प्रवासात आदळू नयेत आणि सगळीकडून पाणी लागावं म्हणून तिने सुई-दोरा घेतला आणि पोवळी एका मोठ्या स्पंजावर टाचली. स्पंज दगडी बरणीत, बरणीत समुद्राचं पाणी. अशी ती पोवळी ॲबेच्या आवारातल्या घरात पोहोचली.

तिच्या आधी, १८३२ च्या सुमारास, सिसिलीत मेसिना इथे झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईने काचेच्या टाक्या करून त्यांत समुद्रातले जीव ठेवले होते. आर्गोनॉट हा ऑक्टोपसचा भाऊबंद आपला शिंपला कुठून चोरत नाही, स्वतःच तयार करतो, हे तिने त्या टाक्यांत डोळ्यांनी पाहून सिद्ध केलं. ही बाई आधी पॅरिसमध्ये शिवणकाम करणारी. राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिने शिवला होता. दोघींच्या हातांत सुई होती, ही गोष्ट मला फार आवडते. पण व्हिलप्रू-पॉवरच्या टाक्या अभ्यासासाठी होत्या. बैठकीच्या घरात, पाहुण्यांच्या शेजारी पोवळी ठेवणारी बाई म्हणजे ॲना थिन.

तिची अडचण लगेच सुरू झाली. ताजं समुद्राचं पाणी सारखं मागवणं परवडणारं नव्हतं, आणि साचलेल्या पाण्यात जीव गुदमरतात. मग रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, असं ठरलं. ओतण्याचं काम घरातल्या मोलकरणीकडे. पुढच्या वसंतात ॲनाबाईंनी टॉर्कीहून समुद्रशेवाळ लागलेले दगड मागवले, आणि शेवाळाने प्राणवायूचा थोडा भार उचलला. अशा तऱ्हेने ती पोवळी जवळजवळ तीन वर्षं जगली. ॲनाबाईंनी लिहिलेल्या नोंदी १८५९ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात छापल्या गेल्या. मोलकरणीचं नाव त्या इतिहासात कुठे मिळत नाही.

मी इथे थांबले आणि आमच्या टाकीकडे पाहिलं. पाणी ढवळणारे दोन पंप काचेला चिकटून फिरत होते. त्या मोलकरणीचे दोन हात म्हणजे घरातल्या समुद्राचा पहिला पंप. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या छंदाचा सगळा इतिहास म्हणजे दर्या जी कामं न सांगता, फुकट करतो ती एकेक करून ओळखण्याचा इतिहास आहे. पहिलं काम होतं लाटेचं: पाण्यात हवा घालणं.

दुसरं काम मिठाचं. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्यात मासा, पाणवनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल कसा जमतो ते दाखवलं. १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्याच वर्षी गॉस यांनी घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवलं. कृती साधी होती: खायचं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढे चार क्षार. चुना मात्र त्यांनी मुद्दाम घातला नाही. प्रमाण अगदी कमी, आणि तळातले शिंपले-पोवळ्यांचे तुकडे तेवढा देतील असा त्यांचा हिशेब होता. हा चुना पुढे सव्वाशे वर्षांनी परत येणार होता.

गॉस यांच्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लावलं. १८५६ मध्ये शर्ली हिबर्ड यांनी सुरुचीपूर्ण घराच्या सजावटीवर पुस्तक लिहिलं, त्यात मत्स्यालयाला मानाची जागा होती. लोक टाकी हौसेने खिडकीत ठेवत. उन्हाने पाणी तापे, हिरवं होई, आणि आठवड्याभरात दुर्गंधी सुटे. मग पुन्हा नवे जीव गोळा करायला किनाऱ्यावर झुंबड. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यांत लहानपणी पाहिलेली खडकांतली भरगच्च डबकी या वेडापायी कशी उजाड झाली, याचं दुःख आहे. वडिलांच्याच पुस्तकाने किनारा ओरबाडला गेला, हे मुलाने लिहून ठेवलं. छंदाच्या बालपणीच लागलेला हा डाग, आणि आम्ही छंदवाल्यांनी तो विसरता कामा नये.

तिसरं काम खोल, अंधाऱ्या पाण्याचं. ते ओळखलं विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी. हा माणूस पुस्तकबांधणी करून पोट भरणारा. गॉस यांचं वाचून समुद्राच्या नादी लागला आणि लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान घातलं. त्यांनी ओळखलं, की दिसणाऱ्या टाकीपेक्षा न दिसणारं पाणी जास्त महत्त्वाचं. खाली अंधारात मोठा हौद ठेवायचा, पंपाने पाणी वर आणायचं, टाक्यांतून फिरवून पुन्हा हौदात सोडायचं. हौद थंड राहतो, अंधारात शेवाळ वाढत नाही, घाण विरळ होते. १८६४ मध्ये हॅम्बर्गला आणि १८७१ मध्ये आमच्या शेजारच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी या तत्त्वावर मत्स्यालयं चालवली. क्रिस्टल पॅलेस १९३६ च्या आगीत गेला. मत्स्यालयाच्या जागी आता दूरचित्रवाणीचा उंच मनोरा आहे, आमच्या माडीच्या खिडकीतून दिसतो. आमच्या टाकीखालच्या कपाटातही एक अंधारी टाकी आहे, १२० लिटरची. वरचं पाणी नळीने तिच्यात पडतं आणि पंपाने वर जातं. दुकानदार तिला सम्प म्हणतात. मी मनात तिला लॉइडांचा हौद म्हणते.

यानंतर घरातल्या खाऱ्या टाकीचा इतिहास जवळजवळ ९० वर्षं रेंगाळतो. कारण साधं आहे. टाक्या लोखंडी चौकटीच्या, कडा लांबीने बुजवलेल्या. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजे आणि पाणी बिघडे. १९६० च्या दशकात सिलिकॉन आलं, काचेला काच थेट चिकटू लागली आणि चौकट गेली. आमच्यासारखी बिनचौकटीची टाकी त्याआधी शक्यच नव्हती.

त्याच दशकाच्या आरंभी, १९६१ मध्ये, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली. समुद्रातला जीवजंतूंनी भरलेला दगड तसाच उचलून टाकीत ठेवायचा, ऊन द्यायचं, हवेचे थोडे बुडबुडे सोडायचे, आणि मध्ये मध्ये हात घालायचा नाही. चाळण्या, औषधं काही नको. दगडातले जीवाणू माशांच्या अंगातून निघणारा अमोनिया खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. चौथं काम: सफाई. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या मला जीवाणूंवर विश्वास ठेवणं सोपं गेलं. टाकी भरल्यावर सहा आठवडे मी तिच्यात एकही मासा सोडला नाही. रोज पाण्याचा नमुना घ्यायचे. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढलं, उतरलं. येणारे-जाणारे विचारत, "मासे कुठे आहेत?" मी सांगे, "दगड तयार होतोय."

ली यांची रीत उत्तर युरोपात फसली, कारण तिथे इंडोनेशियाचं ऊन नव्हतं. आणि भित्ती बांधणाऱ्या पोवळ्याचं बरंचसं पोट उन्हावर भरतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशातून अन्न तयार करून यजमानाला देतं. ही कोंडी जर्मन छंदवाल्यांनी फोडली. पश्चिम जर्मनीत फेस काढणारं यंत्र घडलं: उभ्या नळीत बारीक बुडबुडे सोडायचे, विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते, तपकिरी फेस वाटीत जमा होतो. इथे सगळे त्याला स्किमर म्हणतात. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पावसाळ्यातला चिवल्याचा किनारा आठवला. तिथे वाळूवर असाच पिवळट फेस साचतो. लहानपणी आम्ही तो लाथाडत धावायचो. दर्या स्वतःला स्वच्छ करत होता, हे मला पन्नाशीत कळलं. मग आले प्रखर मेटल हॅलाइडचे दिवे, आणि बर्लिनच्या अंधाऱ्या जानेवारीतही पोवळ्यांना ऊन मिळालं. जिवंत दगड, स्किमर आणि प्रखर दिवा, या तिघांवर उभी राहिलेली रीत आजही बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते.

आणि गॉस यांनी गाळलेला चुना परतला. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की दगडी पोवळी वाढायची असतील तर उडून गेलेल्या पाण्याच्या जागी चुन्याचं पाणी थेंबथेंब घालावं. जर्मनमध्ये ते काल्कवासर. त्याचं वर्णन वाचलं आणि मी हसतच स्वयंपाकघरात गेले. ही तर चुन्याची निवळी! आजी भिजवलेला चुना बरणीत ढवळून रात्रभर ठेवायची, गाळ बसला की वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायची, आणि पोरांना दात येताना थेंब थेंब द्यायची. तो चुना शिंपले भाजून केलेला असायचा. आता मी लंडनमध्ये निवळी करते, आणि आमच्या टाकीतून रोज उडणाऱ्या चार-पाच लिटरांच्या जागी ती रात्रभर ठिबकते. पोवळी तिच्यातून आपली हाडं घडवतात. दर शनिवारी मी कॅल्शियम मोजते. लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास असलं की जिवाला बरं वाटतं.

बर्लिनचेच डीट्रिश श्ट्यूबर यांनी केलेली गोष्ट माझ्या मते या सगळ्यांत मोठी. त्यांच्या टाकीत ॲक्रोपोरा नावाचं एक फांद्याफांद्यांचं पोवळं वाढू लागलं. त्यांनी त्याच्या फांद्या तोडून इतरांना दिल्या, त्यांनी पुढे दिल्या, आणि ते एकच पोवळं युरोपभर टाक्याटाक्यांत पसरलं. आपल्याकडे जास्वंदीची फांदी शेजारणीला देतात तसं. समुद्रातून न ओरबाडता पोवळं मिळू शकतं, हे यातून सिद्ध झालं. एडमंड गॉसच्या दुःखाला छंदाने दिलेलं हे पहिलं प्रामाणिक उत्तर.

आमच्या टाकीतली सगळी पोवळी अशीच, कुणाच्या तरी टाकीतून आलेली. बोटभर तुकडा, खाली दगडाची चकती, पिशवीत पाणी. पडदीच्या टाकीत त्यांची मांडणी अवघड असते. भिंतीला लागून असलेल्या टाकीला मागची बाजू असते. तिथे नळ्या, पंप, वायरी लपवता येतात, माशांनाही पाठ टेकायला जागा मिळते. इथे पाठच नाही. म्हणून दगडांचा ढीग मधोमध, खाली कमानी आणि बिळं, म्हणजे दोन्हीकडून माणसं दिसली की माशाला शिरायला जागा राहते. नळ्या सगळ्या भिंतीकडच्या टोकाला. दिवे खाली उतरवून झाकलेले, नाहीतर सोफ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत प्रकाश जातो. आणि वजन! काच, पाणी, दगड, कपाट धरून साडेआठशे किलोंच्या घरात. आमचं घर राणी व्हिक्टोरियाच्या काळचं, जमीन लाकडी फळ्यांची, फळ्यांखाली तुळया आणि त्याखाली पोकळी. गवंड्याने फळ्या उचलून तुळयांखाली विटांचे चार खांब उभे केले, तेव्हा कुठे टाकी आत आली.

राहिलं शेवटचं काम, चंद्राचं. समुद्रातली बरीच पोवळी वर्षातून एकदाच, ठरावीक पौर्णिमेच्या आगेमागे, एकाच वेळी आपली बीजं सोडतात. टाकीत ती वाढत, तोडून लावली की जगत, पण ठरवून जननाला येत नसत. आमच्यापासून एका स्टेशनावर, फॉरेस्ट हिलला हॉर्निमन संग्रहालय आहे. तिथल्या तळघरातल्या मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'प्रोजेक्ट कोरल' सुरू केला. दूरच्या समुद्राचा सूर्योदय, ऋतूंप्रमाणे पाण्याचं तापमान आणि चंद्राच्या कला त्यांनी टाकीत हुबेहूब उतरवल्या, आणि लंडनमध्ये पोवळी वेळेवर प्रसवली. ही रीत शिकून २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या मत्स्यालयाने तिथल्या संकटात सापडलेल्या स्तंभपोवळ्याचं बीज मिळवलं. जे ज्ञान बैठकीच्या खोलीत सुरू झालं, ते आता समुद्राच्या कामी येतं आहे.

गेल्या नोव्हेंबरात एका रात्री आमच्या गल्लीची वीज गेली. पंप थांबले, स्किमर थांबला, टाकी काळी झाली. खोली गार पडत चालली. आम्ही घरातल्या दोन्ही गोधड्या टाकीला गुंडाळल्या. मग मी आणि मुलीने स्टीलची दोन पातेली घेतली आणि स्टुलावर चढून पाणी काढायचं, उंचावरून परत ओतायचं असं सुरू केलं. आळीपाळीने, पाच तास. पहिल्या अर्ध्या तासातच खांदे भरून आले. वेस्टमिन्स्टरच्या त्या मोलकरणीने हे रोज केलं होतं, वर घरातली बाकीची कामं उरकून. पहाटे वीज आली. एक मासा गेला, पोवळी वाचली. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला, तो आता कपाटात कायम तयार असतो.

त्या रविवारी मी वडिलांना फोन केला आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, दर्याकाठी जन्मून दर्या काय काय करतो ते मला दिसलं नव्हतं. इथे त्याचं एकेक काम हाताने करावं लागतं, तेव्हा दिसलं. ते म्हणाले, "मग आता येशीत तेव्हा बघ हंयचा." पुढच्या मे महिन्यात गेले. ओहोटीला सिंधुदुर्गाच्या बाजूला होडीतून पाण्यात डोकं घातलं. खाली पोवळी होती, एकाही पंपाशिवाय. पण दोन ठिकाणी नांगराने फोडलेली ताजी पांढरी खोक होती, आणि एक पर्यटक पोवळ्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता.

म्हणून हे लिहिते आहे. भारतात २००१ पासून भित्ती बांधणारी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती तोडणं, विकणं गुन्हा आहे. तुमच्या बैठकीत कुणी "समुद्रातून काढून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, सुकलेलं पांढरं पोवळं शोभेला घेऊ नका. परदेशी राहत असाल आणि टाकी करायचीच असेल, तर कुणाच्या टाकीत वाढलेला बोटभर तुकडा घ्या, सहा आठवडे नुसत्या दगडाकडे बघायची तयारी ठेवा, आणि तुमचं पोवळं वाढलं की त्याची फांदी दुसऱ्याला फुकट द्या. आणि मालवणला गेलात, तर होडीवाल्याला आधी विचारा: नांगर कुठे टाकणार? वाळूत टाक म्हणावं.